इंजिनाचं मॉडेल घेताय? आधी प्लायची रुंदी मोजा

वाफेच्या इंजिनांची बारकाव्यांसह बनवलेली मॉडेल घेणं आणि ती चालती ठेवणं या विषयावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. एकसारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये लीड्सला असते. ती डिसेंबरात येताना 'फ्लाइंग स्कॉट्समन' या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आणणार आहे. एकाच दुकानाच्या यादीत याच नावाची चार मॉडेल दिसतात आणि किमतीही वेगवेगळ्या आहेत. कोणतं सांगू? घरी ८ बाय ४ फुटी प्लायवर लंबगोल रूळ टाकणार आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : आधी प्लायचं बघू, कारण इंजिन कोणतं पेलेल हे त्यावरच ठरतं. ब्रिटिश मॉडेल बहुधा 'ओओ' स्केलची असतात, म्हणजे मूळ इंजिनाच्या ७६व्या हिश्शाची. १ फुटाला ४ मिमी हा हिशेब लक्षात ठेवा. मूळ इंजिन टेंडरसह (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह) ७० फूट, म्हणून मॉडेल साधारण २८० मिमी भरतं. एवढं लांब, सहा मोठ्या चाकांचं इंजिन ३७१ मिमी त्रिज्येच्या पहिल्या नंबरच्या वळणावर चालत नाही. किमान दुसऱ्या नंबरची, म्हणजे ४३८ मिमीची गोलाई लागते. ४ फुटी प्लाय १२२० मिमी रुंद असतो. त्यावर तिसऱ्या नंबरची ५०५ मिमी त्रिज्येची वळणं टाका. दोन्ही कडांना रुळाच्या मध्यापासून १०५ मिमी जागा उरते. चौथ्या नंबरचं ५७२ मिमीचं वळणही बसतं, पण कडेला ३८ मिमीच राहतात आणि रुळावरून घसरलेलं इंजिन थेट फरशीवर जातं. हौसेपायी ते करू नका.

आता चार मॉडेलांचं. इंजिन एकच, पण त्याचं रूप काळानुसार बदलत गेलं. ते १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा नंबर १४७२ होता, पुढच्या वर्षी तो ४४७२ झाला. १९२८ मध्ये लंडन–एडिंबरा विनाथांबा गाडीसाठी त्याला वेगळं टेंडर जोडलं. त्या टेंडरच्या आतून माणूस जाईल एवढी अरुंद वाट होती, म्हणजे चालत्या गाडीत ड्रायव्हर-फायरमनची जोडी बदलता येई. १९४७ मध्ये नवा बॉयलर बसून ते ए-वन वर्गातून ए-थ्रीत गेलं. ब्रिटिश रेल्वे आल्यावर ६०१०३ नंबर मिळाला, आधी निळा रंग, मग गडद हिरवा. जोडधुराडं १९५९ मधलं. धुराड्याच्या दोन्ही बाजूंचे धूर वर ढकलणारे पत्रे १९६१ च्या अखेरीस आले.

म्हणून ऑर्डर देताना नुसतं नाव न सांगता साल सांगा. पोपटी-हिरवा रंग, ४४७२ नंबर, एकेरी धुराडं आणि पत्रे नाहीत, हे दोन महायुद्धांमधल्या काळाचं रूप. गडद हिरवा, ६०१०३, जोडधुराडं आणि पत्रे, हे १९६२ चं. पोपटी रंगावर ४४७२ आणि सोबत जोडधुराडंही असलेलं मॉडेल दिसलं तर ते लगेच चुकीचं समजू नका. २००० सालानंतर काही वर्षं जतन केलेलं इंजिन याच वेषात धावत होतं. मात्र त्यामागे १९३० सालचे सागवानी रंगाचे डबे जोडले की जाणकार हसतील.

किमतीतला फरक बहुतेक वेळा डीसीसीच्या, म्हणजे इंजिनाच्या डिजिटल नियंत्रणाच्या, चिपमुळे असतो. 'डीसीसी रेडी' म्हणजे आत फक्त सॉकेट आहे, चिप नाही. असं इंजिन साध्या १२ व्होल्ट डीसी कंट्रोलरवर चालतं. 'डीसीसी फिटेड'मध्ये चिप बसवलेली असते. तुम्ही पहिलाच रूळ टाकताय, तेव्हा 'रेडी' घ्या. चिप पुढे कधीही बसवता येते, फक्त सॉकेट ८ पिनांचा, २१ पिनांचा की नेक्स्ट-१८ आहे ते डब्यावर पाहून लिहून ठेवा. कंट्रोलरची चिंता नको. तिकडची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते, प्लगची पिन तेवढी बदलावी लागेल.

भाचीला एवढं नक्की सांगा की डबा चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या सामानात आणायचा आणि कारखान्याचा आतला साचा फेकायचा नाही.

प्रश्न : असं मॉडेल परदेशातून कुरिअरने मागवलं तर? — सांगली

उत्तर : मागवता येतं, पण ते महागात पडतं. सीमाशुल्काच्या यादीत ही मॉडेल ९५०३ या खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. त्यावरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर नेलं गेलं, आणि त्यावर जीएसटी वेगळा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्यामुळे पार्सल अडकू शकतं. हौशी माणसाचा माल आणि खेळणी यांत कागदोपत्री अनेकदा फरक होत नाही, ही या छंदाची जुनी पीडा. पैसे भरण्याआधी कुरिअर कंपनीला ९५०३ हा आकडा सांगून त्या दिवसाचा दर लेखी घ्या.

प्रश्न : जर्मनीहून मिळालेलं मार्कलिनचं इंजिन माझ्या रुळावर ठेवताच कंट्रोलर बंद पडतो. बिघडलेलं आहे का? — ठाणे

उत्तर : इंजिन चांगलं आहे, रूळ त्याचा नाही. मार्कलिनची एचओ इंजिनं (मूळच्या ८७व्या हिश्शाची) तीन वाटांच्या विजेवर चालतात. पोटाखालची लांब पट्टी रुळाच्या मधोमध असलेल्या खिळ्यांवरून वीज घेते आणि डाव्या-उजव्या चाकांमध्ये विद्युतरोध नसतो. तुमच्या दोन-रुळी मार्गावर ती चाकं दोन्ही रूळ थेट जोडतात, म्हणजे सरळ शॉर्ट. कंट्रोलरने स्वतःला वाचवलं हे बरं झालं. पुन्हा लावून बघू नका. त्याच कंपनीची दोन-रुळी मॉडेल 'ट्रिक्स' नावाने येतात.

प्रश्न : भारतीय डब्ल्यूपी इंजिन किंवा माथेरानची गाडी मॉडेलमध्ये का दिसत नाही? — नाशिक व कल्याणहून दोन पत्रं

उत्तर : मुख्य अडचण रुळाच्या रुंदीची आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. एचओच्या १:८७ प्रमाणात तो १९.३ मिमी होतो आणि ओओत २२ मिमी. बाजारातला तयार रूळ १६.५ मिमीचा. म्हणून डब्ल्यूपी करणारे हौशी लोक परदेशी ४-६-२ (पुढे ४ लहान, मध्ये ६ मोठी, मागे २ लहान चाकं) इंजिनाचा सांगाडा आणि मोटर घेतात व वरचं शरीर पितळी पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं घडवतात. ज्याचा सांगाडा घ्यायचा ते इंजिन निवडताना मोठ्या चाकाचा व्यास मोजा. डब्ल्यूपीचं चाक ५ फूट ७ इंचांचं, म्हणजे एचओत १९.६ मिमी. २२-२३ मिमीची चाकं असलेला एक्स्प्रेस इंजिनाचा सांगाडा घेतलात तर बॉयलर वर उचलावा लागतो आणि गोळीच्या आकाराचं ते देखणं नाक बिघडतं.

माथेरानचा हिशेब मात्र सोपा आहे. रूळ ६१० मिमी, म्हणजे बरोबर २ फूट. १:१९ प्रमाणात तो चोख ३२ मिमी येतो, आणि या मापात बागेत चालणाऱ्या खऱ्या वाफेच्या इंजिनांची मोठी परंपरा ब्रिटनमध्ये आहे. टेबलावर हवं असेल तर ओओ-९, म्हणजे ९ मिमी रूळ. हिशेबाने ८ मिमी हवेत, पण १ मिमी डोळ्याला खुपत नाही. मूळ इंजिनं १९०५ च्या सुमाराची, ओरेनस्टाइन अँड कोपेलची ०-६-०. तीव्र वळणांवर पुढचा-मागचा आस आडवा सरकावा म्हणून त्यांना क्लीन-लिंडनर जोडणी होती. ती मॉडेलमध्ये हुबेहूब करायच्या फंदात न पडता टोकाच्या आसांना अर्धा मिमी आडवी मोकळीक ठेवा. चालते लघुमार्ग बघायचे असतील तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात जुनं मॉडेल निम्म्या किमतीत मिळतंय. विक्रेत्याला काय विचारावं? — एक वाचिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पहिली चौकशी सांगाड्याची करा. तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. ओतताना त्यात थोडंसं शिसं मिसळलं गेलं तर वर्षानुवर्षं धातूच्या कणांमध्ये आतून गंज चढत राहतो आणि दमट हवेत तो वेग घेतो. धातू फुगतो, वाकतो आणि शेवटी हाताने चुरा होतो. यावर इलाज नाही. रंग दिला, गोंद भरला तरी फुगणं थांबत नाही. जुन्या खेळण्यांत हे दिसतंच, पण गेल्या २०-२५ वर्षांतली काही महागडी मॉडेलही यातून सुटलेली नाहीत.

म्हणून तीन गोष्टी मागा. एक, इंजिन पट्टीला टेकवून बाजूने काढलेला फोटो. त्यात पायपट्टी (बॉयलरच्या बाजूने जाणारी अरुंद फळी) मध्ये उचललेली किंवा टोकं खाली झुकलेली दिसली, तर सौदा तिथेच सोडा. दोन, पोटाकडून फोटो. त्यात मोटरच्या बैठकीजवळ आणि स्क्रूभोवती केसासारख्या भेगा आहेत का, करडी पूड आहे का ते बघा. तीन, अगदी हळू वेगात दोन्ही दिशांना चालतानाचा व्हिडिओ. वेगात पळणाऱ्या इंजिनाचा व्हिडिओ काही सांगत नाही, सगळे दोष वेगात लपतात.

नव्वदीच्या दशकाआधीची काही मॉडेल दोन अर्ध्या सांगाड्यांची असतात आणि डाव्या-उजव्या अर्ध्या आसांना मधली प्लास्टिकची नळी जोडते. ती नळी तडकते आणि चाकं आपापल्या मर्जीने फिरू लागतात. सुटा भाग मिळतोय याची खात्री असेल तरच असं मॉडेल घ्या.

प्रश्न : नवं इंजिन आलंय. सोबत पिशवीत बारीक नळ्या, दांडे आहेत. सगळं लावायचं का? — कोल्हापूर

उत्तर : आधी इंजिन चालवा आणि मग पिशवी उघडा. दोष निघाला आणि परत पाठवायची वेळ आली, तर गोंद लावलेलं मॉडेल दुकानदार घेत नाही.

उचलताना एक हात बॉयलरच्या पाठीवर आणि दुसरा पोटाखाली ठेवा. बाजूचे हातदांडे, पायऱ्या, पिस्टनचे दांडे यांना बोट लागू देऊ नका. सुती हातमोजे घालू नका, धागे बारीक भागांत अडकतात. साबणाने धुतलेले कोरडे हात उत्तम. टेंडरची वायर इंजिनाला चिमुकल्या प्लगने जोडलेली असते. ती चिमट्याने प्लगला धरूनच लावा-काढा, वायरला ओढलं की सोल्डर सुटतो. इंजिन आणि टेंडरमधल्या दुव्याला अनेकदा दोन भोकं असतात. जवळचं भोक कपाटात ठेवण्यासाठी, लांबचं वळणावर चालवण्यासाठी.

मग डबे न जोडता मध्यम वेगात अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालवा. मोटरचे ब्रश आणि दाते यातून बसतात. मोटर कोमट लागणं ठीक आहे. बोट टेकवता येत नसेल तर थांबा.

पिशवीतलं काय लावायचं हे वळणावर ठरतं. ब्रेकचे दांडे आणि मागच्या नळ्या खुशाल लावा. सिलिंडरखालचे पाण्याचे नळ आणि पुढच्या पायऱ्या मात्र ४३८ मिमीच्या वळणावर पुढच्या लहान चाकांना घासतात. इंजिन चालवणार असाल तर त्या पिशवीतच राहू द्या. गोंद पांढरा पाण्यात विरघळणारा घ्या. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ चकचकीत रंगावर पांढरा धुरकट डाग पाडते आणि तो पुसून जात नाही.

प्रश्न : तेल कोणतं, किती आणि कुठे? घरात खोबरेल आणि शिलाई मशीनचं तेल आहे. — सातारा, लातूर, बेळगाव

उत्तर : खोबरेल नकोच. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरातल्या सकाळी इंजिन जागचं हलणार नाही, आणि पुढे ते खवट होऊन चिकट थर बनतो. डब्ल्यूडी-४० चा मोठा भाग द्रावक असतो. ते उडून जातं, वंगण टिकत नाही, आणि प्लास्टिक व रंगाला धोका राहतो. शिलाई मशीनचं तेल धातूच्या आसांना चालून जाईल, पण ते पसरतं आणि काही प्लास्टिकांना बारीक चिरा पाडतं. योग्य म्हणजे 'प्लास्टिकला सुरक्षित' असं लिहिलेलं पातळ सिंथेटिक तेल. ते मिळालं नाही तर घड्याळांचं सामान विकणाऱ्याकडून सिंथेटिक घड्याळ-तेलाची लहान बाटली घ्या. दात्यांना पांढरं प्लास्टिक-सुरक्षित ग्रीस. शंका असेल तर टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर थेंब ठेवून दोन दिवसांनी बघा.

प्रमाण हा खरा मुद्दा आहे. बाटलीची नळी इंजिनाला लावायचीच नाही. एक थेंब काचेवर टाका, शिवणाच्या सुईचं टोक त्यात बुडवा आणि जागेवर टेकवा. तेवढं पुरे. जागा अशा : प्रत्येक आसाची दोन्ही टोकं, मोटरच्या दांड्याची दोन्ही बेअरिंग, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या खुंट्या आणि क्रॉसहेड (पिस्टनचा दांडा चाकाच्या दांड्याला जोडणारा ठोकळा) ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या पट्ट्या. पोटाखालचं झाकण उघडून दात्यांवर खसखशीच्या दाण्याएवढं ग्रीस दोन ठिकाणी ठेवा, दाते फिरले की ते आपोआप पसरतं. चाकाच्या कडेला, वीज घेणाऱ्या पत्र्यांना आणि मोटरच्या तांब्याच्या कम्युटेटरला (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या भागाला) तेल लागता कामा नये.

तेल जास्त झालं तर ते फिरत्या आसावरून चाकाच्या कडेला येतं, रुळावरची धूळ धरतं आणि काळा लेप तयार होतो. हा लेप वीज अडवतो, ठिणग्या उडतात आणि ठिणग्यांनी लेप आणखी वाढतो. मोटरमध्ये गेलं तर कार्बन ब्रशची पूड आणि तेल मिळून कम्युटेटरच्या फटी भरतात. मोटर जास्त वीज ओढते, तापते, जळका वास येतो. उघड्या मोटरच्या फटी लाकडी टूथपिकने साफ करता येतात. बंद डब्याची मोटर असेल तर बहुधा बदलावीच लागते. एकूण पाहता कमी तेलापेक्षा जास्त तेलाने मेलेली इंजिनं अधिक.

चालवण्याच्या साधारण २०-२५ तासांनी एकदा, आणि वर्षभर बंद असेल तर बाहेर काढताना, एवढं वंगण भरपूर झालं.

प्रश्न : इंजिन धक्के खात चालतं, मध्येच थांबतं, बोट लावलं की निघतं. दुकानदार मोटर बदला म्हणतो. — नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. कुठेही थांबतं आणि बोट लावताच निघतं, तो विजेचा दोष. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात नेमक्या एकाच जागी धक्का बसतो, तो यांत्रिक. दोन्हींतही मोटरचा नंबर शेवटी लागतो.

आधी चाकं पुसा. टिश्यू पेपरवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडा आणि तो रुळांवर आडवा ठेवा. इंजिनाची निम्मी चाकं कागदावर आणि निम्मी उघड्या रुळावर धरून ६ व्होल्टवर पाच-सहा सेकंद फिरवा. काळ्या रेघा उमटतील. कागद सरकवत रेघ येईनाशी होईपर्यंत करा, मग इंजिन उलटं वळवून बाकीची चाकं. हात धुण्याचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. अल्कोहोल रंगावर सांडलं तर अक्षरं आणि रेघा उठून जातात. एखाद्या चाकाला रबरी कडं असेल तर ते भिजत ठेवू नका. रूळ पॉलिश पेपरने कधीही घासू नका, ओरखड्यांत मळ अधिक बसतो.

तरी थांबत असेल तर मल्टिमीटर घ्या. मोटरच्या एका टोकापासून त्या बाजूच्या प्रत्येक चाकापर्यंत रोध मोजा. १ ओहमच्या खाली असावा. जिथे आकडा उड्या मारतो तिथला फॉस्फर-ब्राँझचा पत्रा चाकाच्या पाठीला टेकत नाहीये. चिमट्याने अर्धा मिमी चाकाकडे वाकवा. जास्त दाबला तर तोच ब्रेक होतो.

फेऱ्यात एकदा बसणाऱ्या धक्क्यासाठी इंजिन आरशावर ठेवून हळूच ढकला. डाव्या बाजूची खुंटी आणि उजव्या बाजूची खुंटी यांत ९० अंशांचा फरक असतो, आणि तो तिन्ही आसांवर सारखाच हवा. एखादं चाक आसावर थोडं घसरलं की हा कोन बिघडतो आणि जोडदांडा दर फेऱ्यात एकदा अडतो. जोडदांडे काढल्यावर चाकं मोकळी फिरली, तर दोष कोनात किंवा वाकलेल्या दांड्यात आहे. दांडे काढूनही अडत असेल तर दाता फुटलाय किंवा त्यात केस, धागा अडकलाय. पिस्टनकडून येणारा दांडा ज्या चाकाला जोडलेला असतो त्याच्या खुंटीवरचा छोटा आडवा तुकडा, रिटर्न क्रँक, स्क्रू ढिला होऊन उलट्या बाजूला कलंडला तरी हेच लक्षण दिसतं. तो मूळ कोनात आणून स्क्रू घट्ट करा. कोन माहीत नसेल तर इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला बघा.

फक्त वळणावर किंवा सांध्यावर घोटाळा होत असेल तर व्हर्नियरने चाकजोडीच्या आतल्या दोन बाजूंमधलं अंतर मोजा. ओओ मॉडेलला साधारण १४.५ मिमी हवं. पुढची लहान चाकं सिलिंडरला किंवा सांगाड्याला टेकून शॉर्ट होतायत का तेही पाहा.

प्रश्न : कोकणात पावसाळ्यात मॉडेलवर बुरशी येते. डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर? — रत्नागिरी

उत्तर : डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते, खिडक्यांच्या काचा आणि बारीक भाग विरूप होतात. कापूरही दूर ठेवा.

मॉडेल आधी एसीच्या खोलीत एक दिवस कोरडं होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या हवाबंद डब्यात ठेवा. १० लिटरच्या डब्याला सुमारे १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा निळे होतात. डब्यात स्वस्त आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत असावा. जुन्या डब्यातला स्पंज काही वर्षांनी चिकट होऊन रंगाला धरतो, म्हणून इंजिन आधी आम्लमुक्त टिश्यूत गुंडाळा. आलेली बुरशी मेकअपच्या मऊ, कोरड्या ब्रशने काढा. खाऱ्या हवेत पोलादी रूळ टिकत नाही, निकेल-सिल्व्हरचाच घ्या.

प्रश्न : जुना कंट्रोलर नव्या इंजिनाला चालेल का? — म्हापसा

उत्तर : मोटर 'कोअरलेस' असेल तर नाही. जुन्या कंट्रोलरचा अर्धलहरी किंवा स्पंदित प्रवाह तिला तापवतो. साध्या लोखंडी गाभ्याच्या मोटरला चालेल.

प्रश्न : बागेत खऱ्या वाफेवर चालणारं, ब्युटेन गॅसचं ३२ मिमी इंजिन घेतलंय. क्रम सांगा. — मडगाव

उत्तर : आधी वंगणपात्रातलं मागचं पाणी सिरिंजने काढा आणि स्टीम ऑइल भरा. मोटारीचं तेल नको, ते वाफेत टिकत नाही. बॉयलर डिस्टिल्ड पाण्याने काठोकाठ भरा आणि मग पुस्तिकेत लिहिलं असेल तेवढं, लहान बॉयलरला साधारण ३० मिली, परत ओढून घ्या. वाफेला जागा लागते. गॅस सगळ्यात शेवटी, उघड्यावर, आजूबाजूला ज्योत नसताना भरा. टाक्यांची मापं अशी ठेवलेली असतात की पाण्याआधी गॅस संपतो. म्हणून मध्येच गॅस भरायचा असेल तर आधी पाणी बघा. कोरड्या बॉयलरखाली बर्नर पेटता राहिला तर सांध्यांचं झाळकाम सुटू शकतं.

सुरक्षा झडप नेमून दिलेल्या दाबाला, बहुतेक वेळा ४० पीएसआयला, उघडते का हे दर वेळी काट्यावर पडताळा. ती स्वतः घट्ट करू नका. ज्योत दुबळी झाली तर जेट (गॅसची बारीक भोकाची तोटी) काढून उलट्या बाजूने हवा फुंका. त्यात सुई घातली तर भोक मोठं होतं, आणि मग नवा जेटच लागतो.